तिसरी पायरी

"बाई, माझा एकच गुडघा खरा आहे," गाडीतून उतरता उतरताच प्रमिलाताई म्हणाल्या. "दुसरा डॉक्टरांनी बसवलेला. लावणी जमेल का?"

"लावणी गुडघ्यानं करत नाहीत, ताई," मी म्हटलं. "कमरेनं करतात. कंबर राहिली नसेल तर डोळ्यांनी. डोळे आहेत ना दोन्ही?"

त्या खळखळून हसल्या. पासष्टीची, भरल्या अंगाची, गोरीपान बाई. अंगावर इरकल आणि पायात पोरं पळायला घालतात तसले बूट. मला त्या तिथल्या तिथं आवडल्या. तेवढ्यात गाडीच्या पलीकडच्या दारानं त्यांचे यजमान उतरले, आणि माझ्या हातातला चहाचा ट्रे असा हलला की दोन्ही कपांतला चहा बशीत आला.

ही गोष्ट दहा-अकरा वर्षांपूर्वीची. तेव्हा मी त्रेसष्टची होते. भोरच्या अलीकडं, नदीला लागून माझं घर आहे. वर दोन खोल्या, खाली मोठी पडवी आणि फरशी घातलेला हॉल. पायांत घुंगरू बांधून अठ्ठावीस वर्षं जी मेहनत केली, तिचं हे घर. तमाशाच्या थिएटरात आमची संगीत बारी होती. पेटी, तबला, ढोलकी आणि आम्ही चार बाया. बारी मोडली, बाया आपापल्या वाटेनं गेल्या, मी आणि ढोलकीवाला बाबालाल तेवढे उरलो. बाबालाल माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. मागच्या खोलीत राहायचा. तो माझा कोण, हा प्रश्न आमच्या आळीला वीस वर्षं पडला होता. मी कधी उत्तर दिलं नाही, कारण खरं उत्तर फारच बेचव होतं. तो माझा ढोलकीवाला होता.

धरणाचा रस्ता रुंद झाला आणि शनिवार-रविवारी पुण्याची माणसं यायला लागली. वरच्या खोल्या मी त्यांना द्यायला लागले. एकदा एक पुण्याची पोरगी राहून गेली. तिला मी गंमत म्हणून चार पावलं शिकवली, तर तिनं जाऊन मोबाइलवर सगळं टाकलं. माझा फोटो, घराचा फोटो आणि खाली लिहिलं, 'राहण्याची सोय, घरगुती जेवण आणि लावणीची खासगी शिकवणी.' त्यातला 'खासगी' शब्द वाचून आमच्या आळीतले दोन रिटायर मास्तर आठवडाभर माझ्या दारावरून फिरायला जायला लागले होते.

पण गिऱ्हाईक चांगलं यायचं. लग्न ठरलेल्या मुली यायच्या, संगणकातल्या नोकऱ्या करणाऱ्या यायच्या. एकदा एक जर्मन बाप्या आला. त्याला मराठीचा एक शब्द येत नव्हता, पण कंबर अशी हलवायचा की बाबालाल म्हणाला, "सगुणा, आपल्या बारीला ह्यो चाळीस वर्साआधी का नाय घावला?"

तर ते असो. गाडीतून उतरलेला माणूस.

डाव्या भुवईतून गेलेला व्रण, आणि खुर्चीवर बसायच्या आधी खिशातला रुमाल काढून खुर्ची पुसायची सवय. केस गेले होते, पोट आलं होतं, कानात यंत्र बसलं होतं. पण आनंदराव भोइटे मी अंधारातही ओळखला असता.

मी बावीस वर्षांची असताना हा माणूस दोन वर्षं दर गुरुवारी दिवेलागणीच्या खेळाला पहिल्या रांगेत येऊन बसायचा. फलटणकडचा बागायतदार. इतर लोक शिट्ट्या मारायचे, फेटे उडवायचे. हा नुसता बघायचा. खेळ संपला की बैठकीत येऊन बसायचा आणि माझ्याशी बोलायचा, पिकांबद्दल, घोड्यांबद्दल, त्याला न आवडणाऱ्या सगळ्या नातेवाइकांबद्दल. मला असं कुणी कधी काही सांगितलं नव्हतं. नाचणाऱ्या बाईला लोक बोलायला लावतात, तिला ऐकवत नाहीत. मी त्याच्यात गुंतले. त्यानंही शब्द दिला होता की तुझ्यासाठी घर बांधतो.

मग एका गुरुवारी बाबालालनं नवीकोरी लावणी बांधून आणली. मी ती पहिल्यांदाच म्हणत होते, त्याच्यासाठीच म्हणत होते. दोन पायऱ्यांच्या ओळी झाल्या आणि तिसरी सुरू केली तेवढ्यात मागून एक माणूस वाकत वाकत आला, त्याच्या कानाला लागला. हा उठला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ बाहेर. आणि मी, पंधराव्या वर्षापासून उभी राहिलेली बाई, आयुष्यात पहिल्यांदा मध्येच थांबले. पुढचा शब्दच आठवेना. पडदा ओढावा लागला.

नंतर कळलं, त्याचा पोरगा आजारी होता म्हणे. तो परत कधी आला नाही. निरोप नाही, चिठ्ठी नाही. मी काही जीव वगैरे दिला नाही. चार दिवस जेवले नाही, पाचव्या दिवशी मटण केलं. ती लावणी तेवढी पुन्हा कधी म्हटली नाही. बाबालाल कितीदा म्हणाला, मी ऐकलं नाही.

तो माणूस आता माझ्या पडवीत बसला होता आणि मला विचारत होता, "बाई, चहा बिनसाखरेचा मिळेल का? शुगर आहे मला."

"मिळेल की," मी म्हटलं आणि त्याच्या डोळ्यांत बघितलं. काही नाही. स्टेशनावरच्या हमालाकडं बघावं तसं बघून त्यानं पेपर उघडला.

बाबालाल मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाला, "सगुणा, ह्यो त्योच न्हवं?"

"तोच."

"तुला वळखलं?"

"नाही."

"आंधळा झालाय का?"

"चष्मा आहे की."

बाबालालनं थोडा विचार केला. "चहात जमालगोटा टाकू का? नुसता चिमूटभर."

"आणि मग तो कुणाच्या संडासात पळेल? माझ्याच ना? धुणार कोण?"

हे त्याला पटलं. पण मला मात्र काही पटत नव्हतं. खोटं कशाला बोलू, त्या दुपारी मी कपाटातून हिरवी नऊवारी काढली, डोळ्यांत काजळ घातलं, अंबाड्यात फूल माळलं आणि जेवणाचं ताट घेऊन स्वतः गेले. त्यानं मान वर केली. म्हणाला, "भाजीत मीठ जरा बेतानं घालत जा, बाई. बीपी आहे."

संध्याकाळी मी पडवी झाडता झाडता गुणगुणून बघितलं. प्रमिलाताई म्हणाल्या, "त्यांना नाही ऐकू येत. सेल वाचावेत म्हणून यंत्र बंद ठेवतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिकवणी सुरू झाली. प्रमिलाताई हॉलमध्ये अशा उभ्या राहिल्या जणू समोर सत्यनारायण मांडलाय.

"खांदा सोडा," मी म्हटलं.

"सोडलाय."

"हा सोडलेला खांदा? मग धरलेला कसा असतो? बरं, ते राहू द्या. नजर टाका."

"कुठं?"

"समोरच्या भिंतीवर. तिथं तुमच्या आवडीचा माणूस बसलाय असं समजा."

"समजून चालेल ना? खरा नको?"

"खरा बाहेर पेपर वाचतोय."

त्यांना इतकं हसू आलं की त्या खालीच बसल्या आणि मग उठताना मला आणि बाबालालला दोघांना मिळून त्यांना उचलावं लागलं. पण बाई चिकाटीची होती. तासाभरात मानेची एक हलकी फिरकी तिनं अशी घेतली की बाबालालनं आपणहून ढोलकीवर थाप मारली.

मग त्या पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "बाई, मला एक ठराविक लावणी शिकायची आहे. तेवढ्यासाठीच आलेय मी. दोन ओळी येतात, म्हणून दाखवू?"

आणि त्यांनी भजनी मंडळाच्या चालीत, हातांनी टाळ धरल्यासारखं करत सुरू केलं,

"जपून चढा हो पायरी, राया, जपून चढा हो पायरी.
पहिल्या पायरीला पान देते, दुसरीला हो पाणी,
तिसऱ्या पायरीला राया..."

बाबालालचा हात ढोलकीवर वरच्या वर राहिला.

ही लावणी एकदाच म्हटली गेली होती. अर्धी. त्या दिवशी थिएटरात असलेल्या माणसांखेरीज ती जगात कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

"आजचा वर्ग संपला," मी म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेले. त्या लंगडत मागोमाग आल्या. मी कांदा चिरायला घेतला. डोळ्यांतून पाणी आलंच तर कारण पाहिजे.

"कुठं ऐकलीत?" मी विचारलं.

"घरात. हे झोपेत म्हणतात."

"काय?"

"चाळीस वर्षं. आठवड्यातून एकदा तरी. लोकांचे नवरे घोरतात, माझा लावणी म्हणतो. पहिली पायरी, दुसरी पायरी, तिसऱ्या पायरीला राया, की गप्प. कूस बदलतात आणि ढाराढूर. आणि मी जागी! तिसऱ्या पायरीवर काय आहे, बाई? सगळ्या कॅसेटी धुंडाळल्या. आकाशवाणीला पत्र घातलं. कुणालाच माहीत नाही. अर्धं आयुष्य मी त्या तिसऱ्या पायरीवर उभी आहे."

"त्यांनाच विचारायचं."

"विचारलं की. म्हणतात, मी कुठं काय म्हणतो? जागेपणी त्यांना एक ओळ येत नाही."

मी सुरी खाली ठेवली. "मी कोण ते तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. मोबाइलवर नाव वाचलं, सगुणा वडूजकर. फोटो बघितला. लगेच खोली सांगितली. त्यांना म्हटलं, धरण बघायला जाऊ."

आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो. त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, पण कसलीशी घाई होती, जणू अजून एक गोष्ट सांगून टाकायची होती आणि धीर आहे तोवर ती सांगायची होती.

"त्या दिवशी निरोप मीच पाठवला होता," त्या म्हणाल्या. "मुलगा तापानं फणफणलाय म्हणून."

"पोराचं आजारपण. मला कळलं होतं नंतर."

"ठणठणीत होता पोरगा. थिएटरबाहेर जीपमध्ये माझ्या मांडीवर बसला होता. सव्वीस वर्षांची होते हो मी. दुसरं काही सुचलं नाही."

माझं डोकं असं तापलं की काय सांगू. चाळीस वर्षं मी देवाला, नशिबाला, त्या न बघितलेल्या पोराच्या तापालाही दोष दिला होता. तो ताप नव्हताच! ती ही बाई होती, आणि माझ्या स्वयंपाकघरात माझ्याच पाटावर बसून सांगत होती.

"ताई," मी म्हटलं, "चार दिवसांचं ठरलंय, चार दिवस राहा. पोटभर जेवा. पाहुण्याला मी उपाशी पाठवत नाही. पण ती लावणी मिळणार नाही. तुमच्या नवऱ्यानं अर्धी नेली आहे, तेवढ्यावर भागवा."

त्या उठून गेल्या.

तिसऱ्या दिवशी मी शिकवणीला गेलेच नाही. वांगी भाजत बसले. हॉलमधून ढोलकीचा आवाज येत होता, पावलांचा येत होता, एक हलकं आणि एक जड. मला वाटलं, करते ती करू दे. थोड्या वेळानं ढोलकी थांबली आणि बाबालाल तणतणत आत आला.

"सगुणा, ती बया माझी लावणी नासवायला लागलीया!"

"काय केलं?"

"तिसरं कडवं स्वताच जोडती. 'तिसऱ्या पायरीला राया, पाय माझा मुरगळला.' मुरगळला! शिणगार हाय का हाडवैद्याचा दवाखाना?"

"तू तिला खरं सांगितलं नाहीस ना?"

"तू नको म्हनलीस म्हनून गप ऱ्हायलो. पर आता माझ्यानं ऱ्हाववत न्हाई. चाळीस वर्सं त्ये कडवं माझ्या पोटात हाय. एका मानसानं ऐकलं न्हाई. आन् आता 'मुरगळला'?"

हॉलमधून प्रमिलाताईंचा आवाज आला. "तिसऱ्या पायरीला राया, झाला मला दमा..." आणि मग स्वतःशीच, "नाही, हे काही बरोबर वाटत नाही."

मी वांगी गॅसवर तशीच टाकून उठले. आता खरं सांगायचं तर मला तिची दया आली नव्हती. माझा राग अजून तसाच होता. पण मी बारीतली बाई आहे. कुणी माझ्यासमोर बेताल झालं तर मी मरणाच्या दारातून उठून त्याला ताल दाखवीन.

हॉलमध्ये त्या घामाघूम उभ्या होत्या. साडी पोटरीपर्यंत खोचलेली, बसवलेला गुडघा सुजून भोपळ्यासारखा झालेला.

"बसा," मी म्हटलं.

"बसले तर उठता येणार नाही."

"मग बसूच नका. कशासाठी एवढं चाललंय? ती पुरी शिकून काय मिळणार आहे तुम्हाला?"

त्यांनी भिंतीला हात टेकला. "काल एक सांगायचं राहिलं. मुलगा जीपमध्ये बिस्किट खात होता."

"मग?"

"हे धावत बाहेर आले. जीपमध्ये वाकून बघितलं. पोरगा हसला आणि अर्धं बिस्किट यांच्या पुढं केलं. यांना कळलं, बाई. सगळं कळलं त्याच क्षणी. मला वाटलं, आता वळतील आणि परत आत जातील. मी अडवणार नव्हते. तेवढं बळच नव्हतं माझ्यात. थिएटरचं दार उघडंच होतं. आतून ढोलकी ऐकू येत होती. मग तीही थांबली. हे जीपमध्ये बसले. ड्रायव्हरला चालव म्हणाले. त्यावर एक शब्द पुन्हा कधी बोलले नाहीत. माझ्यासाठी बसले, पोरासाठी बसले, की नुसतेच कंटाळले होते, मला आजपर्यंत माहीत नाही. झोपेत जे म्हणतात त्यात पुढं तरी काही असेल, असं वाटलं."

मला चाळीस वर्षं वाटत होतं की त्याला ओढून नेलं. त्याला कुणी ओढलं नव्हतं. वळायला पाच पावलं होती आणि त्यानं ती टाकली नव्हती. ते ऐकून मला रडू यायला हवं होतं, पण आत काहीतरी मोकळं झालं. दाराची अडकलेली कडी निघावी तसं. आणि समोरची ही बाई माझ्यासारखीच बाहेर उभी होती. ती फक्त घराच्या आत राहून बाहेर होती.

"बाबालाल," मी हाक मारली, "घे ठेका."

त्यानं ढोलकी अशी ओढली जणू पेन्शन मंजूर झाली. मी म्हटलं आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा पुढं गेले.

"तिसऱ्या पायरीला राया, दार लाविते, ऐका माझी वाणी,
आल्या वाटेनं जावा घरला, तिथं जागी तुमची राणी!"

प्रमिलाताई तोंड उघडं टाकून माझ्याकडं बघत राहिल्या.

"एवढंच?"

"एवढंच."

"घरी जा म्हणतेय ती?"

"दार लावून घेती आन् घरी जा म्हनती. पब्लिक हसून लोळाया पायजे हुतं त्येच्यावर," बाबालाल म्हणाला. "ऐकलं कुनी?"

"म्हणजे मी दोन मिनिटं थांबले असते," त्या हळूहळू म्हणाल्या, "तर तुम्हीच त्यांना घरी पाठवलं असतं!"

"गाण्यात," मी म्हटलं. "गाण्याबाहेर मी काय केलं असतं ते विचारू नका."

त्या धपकन खाली बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि त्यातलं हसणं कुठं संपलं आणि दुसरं काय सुरू झालं, ते मी बघितलं नाही. मला वांग्यांचा जळका वास आला होता.

चौथ्या दिवशी, निघायच्या आधी, आम्ही आनंदरावांना हॉलमध्ये आणून बसवलं. त्यांनी रुमालानं खुर्ची पुसली.

"यंत्र चालू करा," प्रमिलाताईंनी खुणेनं सांगितलं.

"काय आहे?"

"मी नाचणार आहे."

"तुझा गुडघा?"

"तुम्ही कान सांभाळा. गुडघ्याचं मी बघते."

माझी हिरवी नऊवारी त्यांना नेसवली होती. घुंगरू मी स्वतः बांधले, बसवलेल्या गुडघ्याच्या पायात जरा सैल. बाबालालनं ठेका धरला, मी मागं बसून म्हटलं. खोटी स्तुती करणार नाही. गिरकी त्यांनी घेतली नाही, वळल्या फक्त. कंबर आपल्या जागेवरच राहिली. पहिल्या पायरीला पान दिलं ते हळदीकुंकवाला द्यावं तसं दिलं. आनंदराव कौतुकानं बघत होते, लहान मुलांच्या स्नेहसंमेलनात आजोबा बघतात तसे. दुसऱ्या पायरीला त्यांच्या कपाळावर एक आठी पडली. ओठ हलायला लागले.

"तिसऱ्या पायरीला राया..."

आणि प्रमिलाताईंनी नजर टाकली. मी तिशी-चाळिशीतल्या पट्टीच्या बायांना ती नजर शिकवू शकले नव्हते. त्यांनी दोन्ही हातांनी हवेत दार ओढलं, कडी घातली, आणि बोटानं त्यांना वाट दाखवली. आल्या वाटेनं जावा घरला. शेवटच्या शब्दाला तेच बोट त्यांनी स्वतःच्या छातीवर ठेवलं.

ढोलकी थांबली. आनंदरावांनी टाळ्या वाजवल्या आणि माझ्याकडं वळले.

"बाई, ही लावणी मी ऐकलेली आहे. फार वर्षांपूर्वी. शेवट नव्हता ऐकला. एक बाई म्हणायची... काय बरं तिचं नाव..." त्यांनी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. "उंच होती. तुमच्यापेक्षा बरीच उंच."

बाबालालच्या हातात ढोलकी होती आणि ती आता आनंदरावांच्या डोक्यात बसते की काय असं मला वाटलं. प्रमिलाताईंनी माझ्याकडं बघितलं, पण काही खूण केली नाही. सांग नाही आणि नको सांगू नाही. सगळं माझ्यावर सोडलं.

मी त्या माणसाला नीट न्याहाळलं. तो नाटक करत नव्हता. खोटं बोलणारे पुरुष मी आयुष्यभर पहिल्या रांगेत बघितले आहेत, मला ते लगेच कळतात. याला खरंच आठवत नव्हतं. त्यानं गाणं सांभाळलं होतं आणि बाई हरवली होती. आणि उंच? तो खाली खुर्चीवर बसायचा, मी वर स्टेजवर असायचे. खालून कुणीही उंचच दिसतं.

नाव सांगायला माझ्या जिभेला किती वेळ लागला असता?

"होती," मी म्हटलं. "मीही ऐकलंय तिच्याबद्दल. देखणी होती म्हणतात."

"फार!" ते म्हणाले. "फारच. पुढं काय झालं हो तिचं?"

"बरं झालं. स्वतःचं घर बांधलं."

"छान, छान," ते म्हणाले आणि सेल वाचवायला यंत्र बंद केलं.

मी आणि प्रमिलाताई स्वयंपाकघरात पोचलो मात्र, आणि दार लावून अशा हसलो की त्यांना ओट्याला धरून उभं राहावं लागलं. "बरीच उंच!" त्या म्हणायच्या आणि पुन्हा वाकायच्या. पाच फूट एक इंच आहे मी.

त्यानंतर त्या दरवर्षी यायला लागल्या. एकट्या. पुढच्या वर्षी भजनी मंडळातल्या दोघींना घेऊन आल्या. एकदा त्यांनी फोनवर सांगितलं की आनंदराव आता झोपेत काही म्हणत नाहीत, नुसते पडून असतात आणि घर फार शांत झालंय. मी म्हटलं, मग रेडिओ घ्या.

बाबालाल गेला तेव्हा त्या दोन दिवस माझ्याजवळ येऊन राहिल्या. त्याच्या पुढच्या वर्षी एका दुपारी त्यांचा फोन आला. बराच वेळ पलीकडून काही आवाजच नाही.

"गेले?" मी विचारलं.

"सकाळी. घर भरून माणसं आहेत, बाई. कुणाशी काय बोलू तेच कळत नाहीये."

"जेवलात का?"

"नाही."

"आधी काहीतरी खा. तेराव्याला मी येते."

मी गेले. पांढरी साडी नेसून, एसटीनं, दोन ठिकाणी बदलून. त्या घराचं दार मी चाळीस-पंचेचाळीस वर्षं मनात किती वेळा बघितलं असेल. साधं सागवानी दार होतं, बाहेर चपलांचा ढीग. आत बायका बसल्या होत्या. त्या घरात पूर्वी माझा विषय निघाला असेल तेव्हा 'बाई' हा शब्द कसा उच्चारला गेला असेल, ते मला कुणी सांगायला नको होतं. मी उंबऱ्यापाशीच थबकले.

प्रमिलाताईंनी मला बघितलं. गुडघ्यावर हात देऊन उठल्या, दारापर्यंत आल्या, माझ्या हाताला धरून मला आत नेलं आणि सगळ्यांसमोर आपल्या शेजारी बसवलं.

पलीकडून त्यांच्या मोठ्या जाऊबाईंनी चष्मा सारखा केला. "ह्या कोण गं, प्रमिला?"

"माझ्या बाई आहेत," प्रमिलाताई म्हणाल्या.

"हो का?" जाऊबाईंनी आदरानं मला नमस्कार केला. "कुठल्या शाळेवर होता आपण?"

मी पदर सावरला.

"रात्रशाळेवर," मी म्हटलं.